मदत हवी आहे: वितरकाला हजार-हजार प्रती द्याव्यात की पुस्तकांसाठी गाडी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. आठ वर्षांपूर्वी डीटीपीचं दुकान चालवता चालवता प्रकाशन सुरू केलं. आजवर २३ पुस्तकं काढली. दंडार आणि खडीगंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यांची गाणी, धानाचे जुने वाण, झाडीबोलीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या बोलीतल्या, मुलांच्या गोष्टी, असे विषय. सोबत इतर लहान प्रकाशकांची पुस्तकंही विकतो, कारण फक्त आपल्या पुस्तकांनी विक्रीचं टेबल भरत नाही. मी, बायको आणि हंगामापुरता एक मुलगा, एवढीच माणसं.

आता एका मोठ्या शहरातल्या वितरकाने आमची तीन पुस्तकं महाराष्ट्रभर पोचवायची तयारी दाखवली आहे. प्रत्येकी १००० प्रती, ५० टक्के कमिशन, पैसे विक्रीनंतर, उरलेल्या प्रती परत. घटस्थापनेपर्यंत उत्तर हवंय.

हिशेब असा. २०० रुपयांचं डेमी आकाराचं पुस्तक, १००० प्रती छापल्या तर प्रतीमागे साधारण ५५ रुपये पडतात. वितरकाकडून १०० येणार, त्यातून लेखकाचं १० टक्के म्हणजे २० गेले. उरले २५, आणि पार्सलचं भाडं त्यातूनच. तिन्ही पुस्तकांचा छपाईखर्च १,६५,०००, तो आजच घालायचा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे वाचकासाठी चांगलंच आहे. पण त्यामुळेच कागद-छपाईवर आपण भरलेला कर वळता करून मिळत नाही. नवीन प्रकाशक हे हिशेबात धरायला विसरतात. मीही पहिली दोन वर्षं विसरलो होतो.

भीती वाटायला कारण आहे. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वितरकाला ३०० प्रती दिल्या. चौदा महिन्यांनी ११२ परत आल्या, बऱ्याच ओल्या, कव्हरचे कोपरे दुमडलेले. बाकीच्या प्रतींचा हिशेब अजून मिळालेला नाही. चूक माझीही होती, लेखी करार केला नव्हता.

दुसरी बाजू सांगतो, कारण आमची खरी वाढ तिथूनच झाली. आमच्याकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळी ते होळी झाडीपट्टी नाटकांचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी प्रयोग करतात. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की गावात घरोघरी पाहुणे येतात, रात्री नाटक. धान नुकतंच विकलेलं असल्याने हातात थोडा पैसा असतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, माणसं आधीपासून येऊन बसतात. तेव्हा मंडपाबाहेर बल्ब लावून टेबल मांडायचं. बरी रात्र असली की आमची स्वतःची ३५ पुस्तकं जातात. २०० चं पुस्तक १७५ ला देतो. आम्ही ५०० च्याच आवृत्त्या काढतो, त्यात प्रत ७० ला पडते. लेखकाचे २० वजा जाता ८५ उरतात. म्हणजे रात्रीचे तीन हजारांच्या आसपास. मुलाची मजुरी, पेट्रोल, चहा मिळून १२०० जातात. उरतात ते रोख, त्याच रात्री.

पैशापलीकडेही काही मिळतं. मागच्या हंगामात सिंदेवाहीकडच्या एका गावात एक आजी नातवाला घेऊन आल्या, म्हणाल्या, "मोठ्या अक्षराचं हाये का? मले वाचाचं हाये, याले नाही." मोठ्या टायपातलं एकही पुस्तक माझ्याकडे नव्हतं. घरी येऊन गाण्यांचं पुस्तक १८ पॉइंटात पुन्हा लावलं. आज आमचं सगळ्यात जास्त खपणारं पुस्तक तेच आहे. धानाच्या वाणांचं पुस्तक शेतकरीच घेतात. एचएमटी हा धानाचा वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातले, त्यामुळे इथे या विषयावर टेबलाशी तासभर बोलणारी माणसं भेटतात. हे दुकानाच्या फळीवर होणार नाही असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी की मोटरसायकलवर दोनच पेट्या बसतात. हंगामात जेमतेम ४० रात्री होतात, तेही ३०-३५ किलोमीटरच्या आतच. एक जुनी मालवाहू गाडी १,८०,००० ला मिळतेय. खात्यात १,९०,००० आहेत. दोन्ही होणार नाही. ग्रंथालयांकडे १,४०,००० अडकलेत. ती ड आणि क वर्गाची, म्हणजे सगळ्यात लहान, गावातली वाचनालयं, सरकारी अनुदान आल्याशिवाय देणार कुठून? त्यांच्यावर माझा राग नाही, पण या हंगामासाठी तो पैसा मी धरूच शकत नाही.

वितरणात असलेल्यांना विचारायचंय. १००० ऐवजी २०० प्रती आणि दर तीन महिन्यांनी हिशेब, अशी अट लहान प्रकाशकाची कोणी मान्य करतं का? परतीच्या प्रतींच्या अवस्थेबद्दल करारात नेमकं काय लिहून घ्यावं? आणि कोणी गाडीवरून पुस्तकं विकली असतील तर पावसाळ्याचे चार महिने गाडीचं काय करता? हप्ता नसला तरी विमा आणि दुरुस्ती चुकत नाही.

भर (दोन दिवसांनी): सगळ्यांचे आभार. पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आहे का असं विचारलंय. सगळ्या पुस्तकांना आहे. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नका. टपालाने का विकत नाही, असंही दोघांनी विचारलं. जुनी बुक पोस्ट बंद झाली तेव्हा आमची टपालविक्री जवळपास थांबली होती. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही टपाल खात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, शिवाय पार्सल कुठे पोचलं तेही कळतं. तेव्हापासून पुण्या-मुंबईतल्या झाडीच्या माणसांकडून महिन्याला पंधरा-वीस मागण्या येतात.

हे आकडे पाहून बायको म्हणते की लांबच्या वाचकाला टपाल पुरेल, गाडी घे. मी वितरकाला २०० प्रतींचं विचारून पाहिलं, त्यांनी ५०० च्या खाली जमणार नाही म्हटलंय. तिन्हीऐवजी फक्त मोठ्या टायपाचं गाण्यांचं पुस्तक ५०० प्रतींत द्यावं आणि गाडीवाल्याला अर्धे पैसे आता, अर्धे संक्रांतीनंतर असं विचारावं, इथपर्यंत आलोय. ज्यांनी असे करार केलेत त्यांनी यात कुठे फसायला होईल ते सांगा. कराराचा जुना नमुना असेल तर नावं खोडून व्यक्तिगत निरोपात पाठवला तरी चालेल.