गुळाविना चिकन साते घरी कसे करावे?

प्रश्न (कोल्हापूर): वडिलांना मधुमेह असल्याने घरात गूळ-साखर बंद आहे, तरीही काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले इंडोनेशियन साते त्यांना करून घालावे, अशी माझी फार इच्छा आहे. मुरवणात गुळाऐवजी काय घालावे? माझे तुकडे कोरडेही पडतात.

उत्तर १: छातीऐवजी तंगडीचे हाडविरहित मांस घ्यावे, कारण त्यातील चरबीमुळे ते मऊ राहते. गवती चहाच्या बुंध्याचा पांढरा भाग, हळद, धने, लसूण आणि आले वाटून, तेल-मीठ घालून किमान २ तास मुरवावे. गूळ गोडीबरोबरच रंग आणि खरपूसपणा देतो. तो वगळल्यास निखारा थोडा प्रखर ठेवावा. आपल्याकडचा गूळ कितीही उत्तम असला, तरी येथे मोह टाळावाच. बांबूच्या काड्या ३० मिनिटे भिजवाव्यात.

उत्तर २: खरी काळजी सातेसोबतच्या शेंगदाण्याच्या चटणीची घ्यावी. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १६ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणून नारळाच्या दुधात सैल केलेली चटणी माणशी २ चमचेच वाढावी. इंडोनेशियन गोड सोया सॉसमध्ये ताडगूळ असतो. त्याऐवजी साधा, खारट सोया सॉस वापरावा, मात्र मग मीठ कमी घालावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. सोबत भाताऐवजी काकडी आणि कच्चा कांदा देईन.