मदत हवी आहे: आईबाबांना क्रूझवर न्यायचंय
आई ७४ वर्षांची, बाबा ७९. बाबांचे गुडघे दुखतात, रोज सामान आवरून हॉटेल बदलणं झेपणार नाही, म्हणून ७ रात्रींची क्रूझ मनात आहे. मधल्या भागात, खालच्या डेकवर केबिन घेतली की हेलकावे कमी जाणवतात, एवढं कळलंय. खरी धास्ती वेगळीच आहे. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. काठी घेऊन त्या हलत्या बोटीत चढणं-उतरणं कुणाच्या आईवडिलांना जमलं का? की सरळ जहाजावरच थांबले? आईला बोट लागण्याची भीती आहे, पण त्या गोळ्यांनी गुंगी येते. आणि जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल, वाटेत रुग्णाला हलवण्याचा खर्च तुमच्या विम्यात बसला का? सविस्तर लिहा, प्लीज.