ऑनलाइन बायबल अभ्यास सुरू करायचा, पण टिकवायचा कसा?

वर्धेकडचा वाचक: सलाम. कापूस वेचणीच्या दिवसांत सांजच्याला जेमतेम अर्धा तास मिळते, नेटवर्कही धड नाही. कोर्स कोणत्या पुस्तकापासून धरावा?

मार्गदर्शक ताई: दादा, मार्कपासून धरा, म्हणजे बायबलमधलं येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक. 16 अध्याय आहेत. रोज अर्धा घेतला तरी 32 दिवसांत होते. मात्र व्हिडिओ आधी लावू नका. आधी शास्त्र, म्हणजे बायबलमधला तो भाग, मोठ्याने वाचा, मग धडा ऐका. बहुतेकांचं इथंच चुकते: धडे संपतात, बायबल बंदच राहते. चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. 9व्या वचनावर थांबा. वाट, खडकाळ, काटेरी झाडं, चांगली जमीन यांचा अर्थ आपल्या शब्दांत वहीत लिहा. येशूने केलेला उलगडा 14 ते 20 मध्ये आहे, तो मग ताडून पाहा. वावरात राबणाऱ्याला हा दाखला फार जवळून कळते.

यवतमाळकर: नेटवर्कसाठी पहाटे आठवड्याचे धडे डाउनलोड करून ठेवा, तेही फक्त ऑडिओ. प्रश्नपत्रिका अंदाजाने सोडवू नका. चुकलेल्या उत्तराचा संदर्भ उघडा, मागची-पुढची दहा वचनं वाचा. सुटं वचन भलताच अर्थ देते.

पाळक काका: कोर्सवाल्यांची विश्वासाची कबुली, म्हणजे ते काय मानतात ते, आधी वाचा. शिक्षक पैसे मागत असेल किंवा आपली मंडळी (चर्च) सोडायला सांगत असेल, तर तिथंच थांबा. बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासत, पाहा बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, 17:11. अडलेला एक प्रश्न दर रविवारी उपासनेनंतर पाळकांना विचारा, बाप्पा, लाजू नका.