लांबच्या डोंगरसफरीला अ‍ॅडव्हेंचर बाईक भाड्याची घ्यावी की स्वतःची न्यावी?

घाटवेडी
पंधरा दिवस, एकटीच, गाईड नाही, मागून सामानाची गाडी नाही. स्वतःची बाईक पायथ्यापर्यंत नेण्या-आणण्यातच चार दिवस जाणार, म्हणून भाड्याची घ्यावी म्हणतेय. क्लच आणि टायर झिजायचे ते दुसऱ्याचे झिजू देत! दुकानात बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस आहे आणि रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०. मन अर्थातच पहिलीवर बसलंय. बोला.

चेनस्प्रे
साफ असहमत. दुसऱ्याचा क्लच झिजू दे, हा विचार तुमच्याआधी वीस जणांनी करून झालाय. स्वतःच्या बाईकचा आवाज जरा बदलला तरी कान टवकारतात. भाड्याच्या बाईकचा मूळ आवाज कुणाला ठाऊक? मी एकदा तीन दिवस पुढचा ब्रेक दाबला की हॅण्डलमध्ये 'टक्' असं ऐकत होतो. वाटलं, असेल हिचा स्वभाव. स्टिअरिंगचं बेअरिंग ढिलं होतं. परत देताना मालक म्हणतो, "ते आधीपासूनच आहे."

सॅडलबॅग
मग हा दोष भाड्याचा, की ताबा घेताना न बघण्याचा? पुढचा ब्रेक दाबून धरून बाईक मागेपुढे हलवली असती तर ती टक् दुकानातच कळली असती.
टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. नक्षी खोल आहे म्हणून हुरळून जाऊ नका, जुनं रबर कडक होतं आणि ओल्या दगडावर घसरतं. प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा, मालक शेजारी उभा असतानाच. करारात कच्चा रस्ता विम्यातून वगळलाय का तेही वाचा. अनेकदा वगळलेला असतो, आणि तुम्ही तर त्याच्यासाठीच चाललाय.

एकटा_जीव
भाडं राहू द्या, वजनाचं बोला. जीएस टाकी भरून साधारण २५० किलो, हिमालयन १९६. त्यावर सामान. खडीत आडवी झाली की एकटीने उचलायची. पाठ सीटला टेकवून, पायांच्या जोरावर, पहिल्यांदा जमतं. पण ४००० मीटरवर एकदा उचलली की दहा मिनिटं नुसता दम खात बसावं लागतं.

चेनस्प्रे
त्याच ४००० मीटरवर हवा विरळ होऊन इंजिनाची ताकद सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटते. हिमालयनचे ४० घोडे २७ वर येतात, जीएसचे १३६ घटूनही ९० उरतात. सामान लादून चढावर ओव्हरटेक करताना हा फरक कळेल. शिवाय जीएसचं मागचं चाक चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने चालतं, चेनची कटकटच नाही. (माझं नाव बघून हसू नका.) स्वतःची नेणार नसाल तर निदान मोठी तरी घ्या.

एकटा_जीव
९० घोडे हेअरपिनवर आणि खडीत वापरणार कुठे? तिथे पाय जमिनीला टेकतात की नाही एवढंच बघायचं असतं.

घाटवेडी
काल दुकानात दोन्ही आडव्या करून बघितल्या, खाली जुने टायर टाकून. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जीएस बाजूला बाहेर आलेल्या सिलिंडरच्या गार्डवर टेकते, पूर्ण लोळत नाही, त्यामुळे एकदा उचलली. दुसऱ्यांदा नाही उचलता आली, आणि तीही दुकानाच्या सपाट फरशीवर, पोटभर श्वास घेऊन! हिमालयन सलग तीनदा उचलली. घोडे बसू देत तबेल्यात.
टायर २०२४च्या ४१व्या आठवड्याचे निघाले. कराराची मात्र झेरॉक्स मागितल्यावर मालक जरा कुरकुरला.

चेनस्प्रे
आणि हॅण्डल? ब्रेक दाबून हलवून बघितलंत?

घाटवेडी
...उद्या परत जाते.