पाट्यांचा पेंटर सहाला येतोय, विंगची नावं अजून ठरेनात

शिंदे वहिनी (ए-२०३), सकाळी ८:४०
सुप्रभात. सोसायटीच्या विंगना नावं द्यायच्या कालच्या यादीत आमच्या ए विंगला 'भूपाळी' कोणी टाकलं? ए विंगच्या एकालाही विचारलेलं नाही. गेटचा रंगही असाच ठरला होता. राग नाही, पण एकदा कळू दे.

निखिल (बी-५०४)
वहिनी, राग नाही कसा, तिन्ही विंगना रागच दिलेत 😀

जोशी सेक्रेटरी (बी-३०१)
यादी उपसमितीची आहे, माझी नाही. सर्वांसाठी पुन्हा: पेंटर संध्याकाळी ६ ला येतोय. प्रत्येक विंगला एकच शब्द. शुद्धलेखन तपासून पाठवा, अक्षरं कापल्यावर बदल होणार नाही.

पाटील (सी-७०१)
आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग. मग नावं.

लेले काका (सी-४०२)
शिंदे वहिनींचा आक्षेप योग्य आहे, कारण मात्र वेगळं. भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, साधारण ७ ते १०. त्याच्यावरून नाव पडलेली भूपाळी गातात पहाटे. म्हणजे रागाचं नाव गाण्याच्या प्रकाराला गेलं आणि वेळ उलटी झाली. हेच पाच स्वर, सा रे ग प ध, सकाळी हवे असतील तर राग देशकार. भूपात वजन गंधारावर (ग), देशकारात धैवतावर (ध).

निखिल (बी-५०४)
काका, कुरियरवाल्याला धैवत कुठल्या मजल्यावर सांगायचा?

लेले काका (सी-४०२)
टिंगल सोपी असते. यादीत सी विंगला 'मारवा' किंवा 'सोहनी' असे दोन पर्याय आहेत, म्हणून सांगतो. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांत रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि पंचम (प) लागतच नाही. सामान तेच, नावं तीन. मारव्यात भर रिषभ-धैवतावर, पूरियात गंधार-निषादावर (ग-नी), सोहनीचा वावर वरच्या सप्तकात. नाव स्वरांना नाही, चालीला असतं.

काळे (ए-१०१)
रागबिग कशाला? गावांना नावं पडली ती समोर दिसेल त्यावरून. चिंचवडमध्ये चिंच आणि वड, दोन झाडांत काम झालं. बी विंगसमोर पिंपळ आहे, 'पिंपळ' लिहा. कुणालाही सापडेल.

शिंदे वहिनी (ए-२०३)
आणि उद्या पिंपळ तोडला तर? त्याच्या मुळांवरून याच ग्रुपवर तीन महिने भांडण झालंय, काळे भाऊजी.

काळे (ए-१०१)
तोडला तरी नाव टिकतं. मुंबईत फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, तरी आजही फोर्टच. चर्चगेटला गेट कुठंय? वस्तू गेली की शब्द मोकळा होतो आणि पक्कं नाव बनतो.

पाटील (सी-७०१)
छत गळून गेलं की 'टेरेस' हेही पक्कं नाव बनेल. आधी वॉटरप्रूफिंग.

निखिल (बी-५०४)
टेरेसला 'मल्हार' द्या 😂

पाटील (सी-७०१)
तुमच्याकडे गळत नाही म्हणून हसू येतंय.

देशमुख ताई (बी-२०२)
कृपया विषयावर राहू या. माझं मत: नाव दोन-तीन अक्षरांचंच हवं. लांब ठेवलं तर लोक तोंडातच झिजवतात. प्रतिष्ठानचं पैठण झालं, श्रीस्थानकाचं ठाणे, करहाटकाचं कराड, शूर्पारकाचं सोपारा. 'दक्षिण'चं दख्खन, ते इंग्रजीत जाऊन 'डेक्कन', ते जिमखान्याला लागलं आणि पुणेकरांनी त्यातला जिमखानाही गाळला. आज 'डेक्कनला उतरतो' म्हणणाऱ्याला आपण एका दिशेचं नाव घेतोय याचा पत्ताही नसतो. 'स्वरगंधार' ठेवाल तर वर्षभरात 'स्वर' उरेल.

जोशी सेक्रेटरी (बी-३०१)
धन्यवाद ताई. तीन शब्द. ६ वाजता. कृपया.

निखिल (बी-५०४)
सिनेमांची घ्या मग. एका शब्दाचे मराठी सिनेमे लोकांना माहीत असतात. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणारे मराठी सिनेमे बघा: श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट, कासव. पहिला सोडला तर चारही एकेका शब्दाचे.

शिंदे वहिनी (ए-२०३)
मी 'कोर्ट'मध्ये राहते असं माहेरी सांगू का?

काळे (ए-१०१)
सी विंगला शोभेल. पार्किंगचं प्रकरण तिथूनच निघालं.

लेले काका (सी-४०२)
काळे, तो विषय सभेत संपलाय. इतिवृत्त वाचा.

देशमुख ताई (बी-२०२)
निखिलने बरं काढलं. साध्या शब्दाचं नाव झालं का, हे व्याकरण लगेच सांगतं. 'देऊळ पाहिलं' म्हणजे मंदिर, ''देऊळ' पाहिला' म्हणजे सिनेमा. शब्द नपुंसकलिंगी, पण नाव झाल्यावर लिंग चित्रपटाचं घेतो. दुसरी खूण विभक्तीची. 'किल्ल्यात काम केलं' म्हटलं की माणूस तटाची डागडुजी करणारा, ''किल्ला'मध्ये काम केलं' म्हटलं की नट. सिनेमाचं नाव आपण वाकवत नाही, अवतरणात अख्खं ठेवतो आणि 'मध्ये' लावतो.

लेले काका (सी-४०२)
रागांना हे लागू नाही. गवई 'मारव्यात', 'यमनात', 'भूपात' असंच म्हणतो.

देशमुख ताई (बी-२०२)
तेच सांगायचं होतं काका. गावांचंही तसंच: ठाण्यात, साताऱ्यात. रोजच्या तोंडात रुळलेलं नाव वाकतं, पाटीवरचं नवं नाव ताठ उभं राहतं. म्हणून विंगला असं नाव द्या की बोलताना अडखळायला होणार नाही. 'देवदारमध्ये' की 'देवदारात' असा प्रश्न पडला की लोक मुकाट्यानं 'ए विंग'वर परत येतात.

पाटील (सी-७०१)
छान माहिती. आधी टेरेस.

काळे (ए-१०१)
दुसऱ्या सोसायटीनं आपलं नाव उचललं तर? वकिलाचा सल्ला घेतला का? की नेहमीसारखं नंतर बघू?

अॅड. कदम (ए-६०२)
मी इथेच आहे, काळे साहेब. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये 'देसी बॉईज' सिनेमाच्या प्रकरणात सांगितलंय. उरतो ट्रेडमार्क. तिथे कोशातला साधा शब्द तुमच्या एकट्याचा होत नाही. तो ऐकल्यावर लोकांना तुमचीच कृती आठवते, हे दाखवावं लागतं. 'निःशब्द' नावावरून दिल्ली उच्च न्यायालयात २००७ मध्ये वाद झाला. त्याच नावाचा बंगाली सिनेमा आधी केलेल्या निर्मात्याला हिंदी सिनेमाविरुद्ध मनाई मिळाली नाही. निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षक नोंदवतात तो आपसातला शिरस्ता, कायद्यानं मिळालेली मालकी नव्हे.

विंगच्या नावाला तर यातलं काहीच लागत नाही. फक्त *सोसायटीचं* नाव बदलू नका. त्याला १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची मंजुरी लागते, मग बँक खातं, भाग दाखले, वीजबिल सगळं आलं.

शिंदे वहिनी (ए-२०३)
म्हणजे आधार कार्डावर ए विंग आणि दारावर भूपाळी? रुग्णवाहिका कुठं जाणार?

अॅड. कदम (ए-६०२)
अगदी बरोबर वहिनी. इंग्रजी अक्षर काढायचंच नाही. आधी मोठा 'ए', खाली नाव.

निखिल (बी-५०४)
मग नावाचं पहिलं अक्षरही जुळवा ना. यादीत ए ला 'भूपाळी' आणि बी ला 'अभोगी' आहे! 'भ'वरून सगळे बी मध्ये घुसणार. अदलाबदल करून ए अभोगी, बी बहार, सी सोहनी.

लेले काका (सी-४०२)
हे शहाणपणाचं बोललास. बी ला 'बसंत' नको. इंटरकॉमवर 'बसंत' आणि 'हेमंत' सारखेच ऐकू येतात, आणि वॉचमन हेमंत आहे.

काळे (ए-१०१)
अभोगी म्हणजे न भोगणारे? ए विंगला लिफ्ट बंदचं भोगायला आम्हीच.

जोशी सेक्रेटरी (बी-३०१)
लिफ्टचा माणूस उद्या येतोय, काल लिहिलंय. अभोगी, बहार, सोहनी. हरकत असेल तर ४ वाजेपर्यंत.

देशमुख ताई (बी-२०२)
हरकत नाही, पेंटरसाठी सूचना. नाव एकसंध कापायचं, शिरोरेषेनं अक्षरं जोडलेली राहतात. सुटं असतं ते अनुस्वाराचं टिंब, एकाच पिनेवर लागतं आणि पहिलं तेच पडतं. या तिन्हींत अनुस्वार नाही, ते बरं झालं. 'सोहनी'ची नी दीर्घ. शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घच. नाहीतर 'ज्योति', 'शांति' लिहितात तसं होईल. आणि 'बहार'चा कागद हातानं लिहून देऊ नका, टाइप करून द्या. काना पुढेमागे होतो.

जोशी सेक्रेटरी (बी-३०१), ४:०५
हरकत नाही असं समजून पेंटरला कळवलं.

शिंदे वहिनी (ए-२०३), ४:०७
कळवलं? आमच्या विंगमध्ये सगळे झोपलेले असतात या वेळी.

पाटील (सी-७०१), ४:०८
आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग. मग नावं.

जोशी सेक्रेटरी (बी-३०१), ६:५०
[फोटो] बी विंगची पाटी लागली.

देशमुख ताई (बी-२०२), ६:५२
सेक्रेटरी साहेब, कागद हातानं लिहून दिला होतात का? पाटीवर 'बाहर' आलंय.