मदत हवी आहे: बाळ रडत नाही, पण एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) खाली येतो. वेदना धरायची का?

नमस्कार. मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधासाठी, रक्त घ्यायला टाच टोचतात तेव्हा बाळाला किती दुखतं हे मोजते आहे. एथिक्स कमिटीची परवानगी आणि आईवडिलांची संमती आहे. टोचणी तपासणीसाठी एरवीही होणारच असते, माझ्यासाठी जादा टोचत नाही. पण दोन ठिकाणी अडले आहे.

३१ आठवड्यांना जन्मलेलं, तीन दिवसांचं बाळ. जिभेवर आईच्या दुधाचे थेंब देऊन टाच टोचली. भुवया जराशा आक्रसल्या, बस्स. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही. पीआयपीपी-आर या बाळाची वेदना मोजण्याच्या गुणपद्धतीत गुण ५ भरले, म्हणजे कागदावर नगण्य वेदना. ईसीजी मात्र वेगळंच सांगत होता. टोचण्याआधीच्या शांत मिनिटात आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांच्या अंतरांत किती फरक पडतो, ते एचआरव्हीचं माप) ९ मिलिसेकंद होता, तो ४ वर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. आईच्या छातीवर कांगारू केअरला ठेवल्यावर हळूहळू वर चढला. त्याच दिवशी पूर्ण दिवसांचं एक बाळ टोचल्याबरोबर किंचाळलं, गुण भरपूर मिळाले, आणि दोन मिनिटांत शांत झोपलंही.

कमी दिवसांच्या बाळात चेहरा वाकडा करण्याचंही त्राण नसतं, हे आम्ही रोज पाहतो. १९८० च्या दशकापर्यंत नवजातांवर कित्येकदा पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत असत. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी यांचा नवजातांच्या वेदनेवरचा लेख आला, त्यानंतर ‘नवजातांना दुखत नाही’ ही समजूत बदलू लागली. त्यामुळे ‘रडलं नाही, म्हणजे दुखलं नाही’ असं प्रबंधात लिहायला माझा हात धजत नाही. पण एचआरव्ही पडला म्हणजे दुखलंच, असं तरी म्हणता येईल का?

दुसरी अडचण आकडेमोडीची. सॉफ्टवेअरमध्ये एचआरव्हीतल्या जलद चढउतारांचा, म्हणजे उच्च वारंवारतेचा पट्टा ०.१५ ते ०.४ हर्ट्झ असा ठरलेला आहे आणि विश्लेषण पाच मिनिटांच्या तुकड्यांचं होतं. टोचणं काही सेकंदांचं, ते त्यात विरून जातं. काय बदलू?

प्रतिसाद १

ताई, आधी पट्टा बदला, तो मोठ्यांचा आहे. बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, म्हणजे ०.६७ ते १ हर्ट्झ. श्वासाबरोबर होणारे हृदयगतीचे चढउतार, ज्यावरून हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या कामाचा अंदाज घ्यायचा, ते तुमच्या पट्ट्याच्या बाहेरच राहतात. खालची मर्यादा ०.३ च्या आसपास घ्या. वरची मर्यादा हृदयगतीच्या निम्म्याच्या आत हवी: १५० ठोके म्हणजे २.५ हर्ट्झ, त्याचं निम्मं १.२५. खालच्या मर्यादेची निदान दहा आवर्तनं मिळायला हवीत, त्यामुळे तेहतीस-चौतीस सेकंदांपेक्षा लहान तुकडा घेऊ नका. आरएमएसएसडी मिनिटामिनिटाचा काढा.

आरआर अंतरं (दोन ठोक्यांमधली अंतरं) मूळ ईसीजीतूनच काढताय ना? मॉनिटर दर सेकंदाला दाखवतो तो सरासरी आकडा इथे कामाचा नाही. ईसीजीचे सेकंदाला २५० नमुने असतील तर एक पायरीच ४ मिलिसेकंदांची होते. तुमचा सगळा फरक ५ मिलिसेकंदांचा आहे! ५०० किंवा अधिक मिळाले तर घ्या. हालचालीने चुकलेले ठोके एकेक करून डोळ्यांनी तपासा. ते काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर निष्कर्ष टिकणार नाही.

प्रतिसाद २

आकड्यांबद्दल वर आलंच आहे, मी अर्थाबद्दल लिहितो. एचआरव्ही पडणं हा ताणाचा खुणेचा दगड आहे, फक्त वेदनेचा नव्हे. भूक, थंडी, डायपर बदलणं, उचकी, झोपेची अवस्था, जंतुसंसर्गाची सुरुवात, यांपैकी कशानेही तो बदलतो. म्हणून त्याच बाळाची डायपर बदलतानाची नोंद घ्या आणि टोचण्याशी ताडून पाहा. एका बाळाचे आकडे दुसऱ्याशी तोलू नका, ज्याची त्याची शांत अवस्था हीच तुलना.

चेहरा आणि शरीर वेगळं बोलतात हे तुमचं निरीक्षण मात्र सोडू नका. २०१० मध्ये लॅन्सेटमधल्या एका चाचणीत, टाच टोचण्याआधी साखरेचं पाणी दिलेल्या बाळांचे वेदनेचे गुण कमी आले, पण मेंदूतला वेदनेचा प्रतिसाद साध्या पाण्याइतकाच राहिला. पीआयपीपी-आर आणि एचआरव्ही शेजारीशेजारी मांडा, एकाने दुसऱ्याला खोडू नका.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. नमुने २५०च आहेत, बायोमेडिकलच्या मंडळींना आजच विचारते. डायपरची नोंद घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक राहिलं: श्वास थांबू नये म्हणून देतात ते कॅफीन हृदयगतीवरही परिणाम करतं, मग ते चालू असलेली बाळं वगळायची का? वगळली तर सर्वांत लहान, न रडणारी बाळंच निघून जातील, आणि मला नेमकी तीच हवी आहेत.

प्रतिसाद २

वगळू नका. डोस आणि दिल्याची वेळ प्रत्येक नोंदीसोबत लिहा, विश्लेषणात तो गट वेगळा दाखवा. मॉर्फिन किंवा फेंटॅनिलसारखं वेदनाशामक चालू असेल तर तेही तसंच.