राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ओजेटीसाठी आमदाराच्या कार्यालयात अर्ज करावा का?

धागालेखिका :
नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी, म्हणजे कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष प्रशिक्षण) किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला आहे. एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सनदी लेखापालाकडे जातो, रसायनशास्त्राचा कारखान्यात जातो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची मात्र एखाद्या पतसंस्थेत किंवा महाविद्यालयाच्याच कार्यालयात वर्णी लागते आणि आवक-जावक नोंदवहीत नोंदी करून तो प्रमाणपत्र घेऊन येतो. माझे मत असे की राजकारण शिकायचे असेल तर ते जेथे चालते तेथे गेले पाहिजे. विद्यार्थ्यांनी स्थानिक आमदाराच्या संपर्क कार्यालयात रीतसर अर्ज करावा आणि ‘पक्षीय जागा नको’ एवढ्याच कारणावरून विभागप्रमुखांनी तो अडवू नये.

तालुक्यातील प्राध्यापक :
विभागप्रमुख अडवतात ते भित्रेपणाने नव्हे. संपर्क कार्यालयात नवख्या मुलाच्या वाट्याला कोणते काम येते, ते लेखिकेने सांगितलेले नाही. वाढदिवसाच्या फलकाचा मजकूर, समाजमाध्यमांवरील पोस्ट, साहेबांनी हजेरी लावायच्या लग्नांची आणि दशक्रिया विधींची यादी, आणि निवडणूक जवळ आली की मतदारयादी घेऊन दूरध्वनी. कार्यकर्ता हेच काम आपखुशीने करतो, कारण पुढे पंचायत समितीचे तिकीट मिळेल अशी त्याला आशा असते. विद्यार्थ्याकडून ते श्रेयांकांच्या धाकाने करून घेणे ही वेठबिगारी ठरेल आणि तिच्यावर शिक्का विद्यापीठाचा असेल. शिवाय कार्यालयातील मार्गदर्शकाचा अभिप्राय मूल्यमापनात धरला जात असेल, तर त्या कार्यालयाविषयी एक तरी टीकेचे वाक्य अहवालात लिहिण्याचे धैर्य कोणता विद्यार्थी करील?

माजी स्वीय सहायक :
प्राध्यापकांनी दिलेली यादी खरी आहे, पण अपुरी आहे. सकाळी अकराच्या सुमारास कार्यालयाच्या दाराशी जी गर्दी होते, तिच्यात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज फेटाळला गेलेली एखादी विधवा बाई असतेच. योजनेसाठी वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावे लागते. तिच्या हातातला दाखला 36 हजारांचा असतो आणि अर्ज नेमका कशामुळे अडला, हे तिला कोणी समजावलेले नसते. अर्जांचा निर्णय तालुका समितीत होतो, समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, आणि सरकार बदलले की बहुधा तोही बदलतो. पक्ष आणि प्रशासन यांचा सांधा नेमका कोठे आहे, हे त्या एका अर्जाचा पाठपुरावा करताना जितके स्पष्ट दिसते तितके पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

राहिला अर्जाचा प्रश्न. ‘मला समाजकार्याची आवड आहे’ अशी सुरुवात असलेला अर्ज कोणी पुढे वाचत नाही. त्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात विचारलेले तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या लक्षवेधी सूचना शोधून काढाव्यात, त्यांपैकी एकाला मंत्र्यांनी दिलेल्या उत्तरानंतर मतदारसंघात प्रत्यक्ष काय झाले याचे दोन पानी टिपण तयार करावे आणि ते अर्जाला जोडावे. दुसरे सत्र सहसा जानेवारीच्या आसपास सुरू होते आणि अर्थसंकल्पी अधिवेशन सहसा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये मुंबईत सुरू होते. प्रश्न पाठवण्याची धांदल त्याआधीच्या आठवड्यांत असते. नीट लिहिता येणाऱ्या माणसाची गरज तेव्हाच भासते.

एम. ए. भाग एकची विद्यार्थिनी :
टिपण जोडूनही माझ्या अर्जाला पोच मिळाली नाही. ज्यांना अशी जागा मिळाली त्यांचे काका किंवा मामा आधीच त्या पक्षात होते, हे आमच्या वर्गात सर्वांना ठाऊक आहे. समजा जागा मिळाली असती, तरी या कार्यालयांतले महत्त्वाचे काम दिवेलागणीनंतर सुरू होते आणि आमच्या गावाची शेवटची एसटी त्याआधीच सुटते. एकदा त्या दारात बसलेली दिसले की गावाच्या लेखी मी कायमची त्या पक्षाची झाले, याचाही विचार मुलाने केला नाही तरी मुलीला करावा लागतो. दिल्लीत खासदारांसोबत काम करण्यासाठी 2010 पासून लॅम्प फेलोशिप आहे. तेथे निवड पीआरएस ही संसदेच्या कामकाजावर संशोधन करणारी संस्था करते आणि दरमहा मानधनही देते. अशी व्यवस्था असेल तेथे मी पुन्हा अर्ज करीन. आमदाराच्या मर्जीवर चालणाऱ्या जागेसाठी मात्र करणार नाही.

धागालेखिका :
विद्यार्थिनीचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. पण त्यातून ‘जाऊ नये’ असा निष्कर्ष निघत नाही, ‘विद्यार्थ्याला एकटे पाठवू नये’ असा निघतो. इंग्लंडमधील हल विद्यापीठात संसदीय अभ्यासाच्या चार वर्षांच्या पदवीत तिसरे वर्ष वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, काम करण्यात जाते आणि या जागा विद्यापीठाच्या पुढाकाराने ठरतात. आपल्याकडेही विभागाने सर्व पक्षांच्या आमदारांना एकाच नमुन्याचे पत्र पाठवावे, होकार देणाऱ्यांची यादी लावावी आणि वेळ दिवसाची ठरवून घ्यावी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग होतो, तो उत्तमच आहे. परंतु व्याख्याने ऐकणे आणि सभागृहाचे कामकाज पाहणे म्हणजे काम करणे नव्हे.

माजी स्वीय सहायक :
सर्व पक्षांना पत्र पाठवले तर होकार सत्ताधाऱ्यांपेक्षा विरोधी बाकांवरून अधिक येतील, असा माझा अंदाज आहे. त्यांच्याकडे माणसे कमी असतात आणि प्रश्न जास्त.

तालुक्यातील प्राध्यापक :
यादी लावण्यास माझी हरकत नाही. आचारसंहितेच्या काळात विद्यार्थी कार्यालयात जाणार नाही, प्रचाराचे कोणतेही काम त्याला दिले जाणार नाही, प्रवासखर्च कार्यालयाने द्यावा आणि दैनंदिनी रोज विभागाकडे यावी, एवढे लेखी हवे. या अटी बहुतेक आमदार मान्य करतील. मार्गदर्शकाचा अभिप्राय गुणांत धरू नये, ही अट मात्र विद्यापीठाने मान्य करायची आहे, आणि ती मान्य होईपर्यंत माझ्या विभागातून अशा अर्जावर सही होणार नाही.